सॅलडला पाणी सुटतं आणि चवही लागत नाही, नेमकं कुठे चुकतंय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. रोज रात्री जेवणात सॅलड हवंच, असं तुम्ही ठरवलंय. भाज्या ताज्या आणता, एका वेळी सात-आठ प्रकार चिरता, वरून विकतचं ड्रेसिंग घालता. तरी वीस मिनिटांत तळाशी पाणी साठतं, पानं लोळागोळा होतात आणि सगळं मिळून, तुमचाच शब्द, ‘ओल्या गवतासारखं’ लागतं. डब्यात नेलेलं तर तोंडात घालवत नाही. आणि शेवटी विचारलंत, की चव यायला अजून काय काय घालू?

निदान आठवडाभर काहीही घालू नका. आठाचे बारा जिन्नस केलेत तर बारा जिन्नसांचं ओलं गवत होईल, एवढंच. तुमची अडचण जिन्नस कमी असण्याची नाही, पाण्याची आहे. बेचवपणाचं मूळही मला तिथेच दिसतं.

मी चौदा वर्षं हॉटेलच्या स्वयंपाकघरात थंड पदार्थांच्या टेबलाशी उभी राहिले, आता घरगुती मागणीवर जेवणं करून देते. नवीन असताना साठ माणसांच्या एका जेवणाला मी हुशारी केली. ऐन वेळी धावपळ नको म्हणून दीड तास आधीच लेट्यूस, काकडी, टोमॅटो एकत्र केले, मीठ, लिंबू, तेल घालून कालवले आणि मोठी परात फ्रिजमध्ये सरकवली. वाढायच्या वेळी परात जरा कलती केली तर एका बाजूला वाडगाभर गुलाबी पाणी. आमच्या मुख्य आचाऱ्यांनी काही न बोलता चमचाभर पाणी माझ्यापुढे धरलं. चाखलं, तर चव अप्रतिम! मीठ, लिंबू, टोमॅटोचा रस, जे काही पानांवर असायला हवं होतं ते सगळं त्या पाण्यात. मग त्यांनी एक पान उचलून दिलं. त्याला काही म्हणजे काही चव नव्हती. तुमच्या भांड्यात रोज रात्री हेच होत असणार.

काकडी, लेट्यूस, टोमॅटो यांच्यात ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते पेशींच्या आत दाबून भरलेलं असतं तोवर भाजी करकरीत राहते, हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबसारखी. पेशीच्या बाहेर मीठ आलं की आतलं पाणी बाहेर ओढलं जातं, ट्यूब बसते आणि निघालेलं पाणी वरचा मसाला धुऊन तळाला नेतं. म्हणून धुणं, वाळवणं, चिरणं, मीठ लावणं, ड्रेसिंग घालणं या पाचही कामांत मी एकच गोष्ट बघते : पाणी आत आहे की बाहेर?

धुण्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच होतं. पानं नळाखाली धरून भिजवू नका. मोठ्या पातेल्यात गार पाणी भरा, पानं सुटी करून त्यात बुडवा, हाताने हलकेच ढवळा आणि दोन मिनिटं थांबा. माती खाली बसते. मग पानं वरच्या वर उचलून घ्या. पातेलं चाळणीत उपडं केलंत तर बसलेली माती पुन्हा पानांवरच येईल. पानं आधीच मरगळलेली असतील तर बर्फ घातलेल्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. पेशी पाणी पिऊन पुन्हा टवटवीत होतात. पिवळी पडलेली किंवा चिकट झालेली पानं मात्र यानेही परत येत नाहीत, ती टाकायचीच.

आणि मग वाळवणं. पाणी आणि तेलाचं जमत नाही हे आपल्याला ठाऊक असतं, तरी ओल्या पानांवर तेलाचं ड्रेसिंग घालून ते चिकटेल अशी आशा आपण धरतो. ओल्या पानावरून ते घसरून खाली जातं. सॅलड स्पिनर, म्हणजे पानं गरगर फिरवून पाणी झटकणारं जाळीचं भांडं, असेल तर उत्तम. नसेल तर मोठं सुती फडकं पसरा, त्यावर पानं एकाच थरात मांडा, चारी कोपरे धरून गाठोडं करा आणि बाल्कनीत किंवा मोरीत उभं राहून आठ-दहा वेळा जोरात गरगर फिरवा. फडकं ओलं झालं की बदला आणि पुन्हा फिरवा. पान हातात घेऊन बोटाने पुसावं आणि बोट कोरडं राहावं, इतकी कोरडी हवीत. अशी पानं डब्यात खाली-वर कोरडं फडकं घालून फ्रिजमध्ये ठेवलीत तर चार दिवस सहज टिकतात, त्यामुळे हे काम रोज करावं लागत नाही. त्या डब्याशेजारी पिकलेली सफरचंदं किंवा केळी मात्र ठेवू नका. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात.

आता मीठ. ‘सॅलड’ या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या ‘साल’ म्हणजे मीठ या शब्दात आहे, तेव्हा मिठाला घाबरून चालणार नाही. ते कधी लावायचं एवढं कळलं पाहिजे. पानांना मीठ अगदी शेवटी, वाढताना. पाणीदार फळभाज्यांचं उलटं : त्यांना आधी, वेगळं. अर्धा किलो काकडी चिरून तिला एक छोटा चमचा मीठ चोळा आणि चाळणीत वीस मिनिटं ठेवा. खाली ठेवलेल्या भांड्यात पाव-अर्धी वाटी पाणी जमेल. ते नाहीतरी तुमच्या सॅलडमध्येच उतरणार होतं. ही काकडी फडक्यात हलकी दाबून घेतली की चवीला दाट होते आणि तासाभरानेही पाणी सोडत नाही. मीठ जास्त वाटलं तर गार पाण्यातून एकदा काढून पुन्हा कोरडी करा. बियांचा गर फार असेल तर चमच्याने आधीच खरवडून काढा.

टोमॅटोलाही तसंच, पण पंधरा मिनिटं पुरे आणि त्याचं पाणी फेकायचं नाही. टोमॅटोचा सगळ्यात खमंग भाग बियांभोवतीच्या त्या जेलीत असतो. तोंडात भरून राहणारी चव देणारं ग्लुटामेट गरापेक्षा तिथे जास्त असतं. ते पाणी ड्रेसिंगमध्ये घाला आणि तेवढं व्हिनेगर कमी करा. टोमॅटो पिकेपर्यंत फ्रिजबाहेरच ठेवा. गारठ्यात त्याचा सुगंध तयार होणं मंदावतं आणि रंगाने लाल असलेला टोमॅटो चवीला नुसता ओला लागतो.

कोबीला मीठ लावून दोन-तीन मिनिटं हाताने चुरा, कणीक मळताना तळव्याने दाबतो तसं. कडक कोबी मऊ पडतो, त्याचा उग्रपणा जातो आणि तो ड्रेसिंग शोषायला तयार होतो. जांभळा कोबी असेल तर लिंबू पिळताच त्याचा रंग उजळून गुलाबी होईल, तेव्हा दचकू नका. त्यातल्या रंगद्रव्याचा तो स्वभावच आहे.

चिरताना सुरी धारदार हवी. बोथट सुरी पेशी कापत नाही, चिरडते आणि चिरडलेल्या पेशींतून पाणी निघतं. पुदिना, बेझिलची पानं काळी पडतात तीही बरेचदा यामुळेच. किसणीचा मोह आवरा. किसलेल्या गाजराला सुरीने कापलेल्या गाजरापेक्षा कितीतरी लवकर पाणी सुटतं. किसायचंच असेल तर लगेच खायचं. कच्चा कांदा जेवणभर तोंडात रेंगाळतो अशी तक्रार असते. तो कापल्यावर गंधकाची जी संयुगं तयार होतात त्यांचा हा उपद्रव. चकत्या गार पाण्यात दहा मिनिटं बुडवून, निथळून, पुसून घ्या. गोडवा राहतो, उग्रपणा जातो.

ड्रेसिंगकडे वळू. विकतची बाटली वाईट नसते, पण बहुतेक बाटल्यांत गोडवा आणि घट्टपणा इतका असतो की कुठल्याही भाजीला तीच एक चव येते. तुम्ही रोज आठ भाज्या बदलता आणि तरी कंटाळा येतो, त्याचं हे एक कारण असावं. घरी करायला तीन मिनिटं लागतात. झाकणाची छोटी बरणी घ्या. तिच्यात एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला आणि त्यात आधी मीठ विरघळवा. हा क्रम महत्त्वाचा, कारण मीठ तेलात विरघळत नाही. शेवटी घातलं तर एका घासात खारट आणि दुसऱ्यात अळणी लागतं. मग अर्धा छोटा चमचा तयार मस्टर्ड, म्हणजे मोहरीची पेस्ट, थोडी मिरपूड, हवा तर मधाचा एक थेंब. शेवटी तीन मोठे चमचे तेल, झाकण घट्ट लावून अर्धा मिनिट जोरात हलवा. मस्टर्डमुळे तेल आणि आंबट पाणी काही वेळ एकमेकांना धरून राहतात. मस्टर्ड नसेल तर ते लगेच वेगळे होतात आणि पानांना एकीकडे तेल, दुसरीकडे आंबट लागतं.

तेल तीन भाग आणि आंबट एक भाग हे पुस्तकी प्रमाण कोवळ्या पानांसाठी बरोबर आहे. कडधान्यं, बटाटा, कोबी असे जड जिन्नस असतील तर मी दोनास एक घेते, कारण पिठूळ गोष्टी आंबटपणा गिळून टाकतात. तुमच्या जिभेला काय झेपतं त्यावरही हे आहेच. चमच्याने ड्रेसिंग चाखून मात्र ठरवू नका. नुसतं चाखलं की ते नेहमीच फार आंबट वाटतं आणि माणूस घाबरून तेल वाढवतो. ज्या सॅलडवर घालायचंय त्यातलं एक पान किंवा काकडीची एक चकती बुडवून खा. सॅलडमध्ये ते कसं लागेल ते तेव्हाच कळतं.

तेल पूर्ण वगळायचा विचार असेल तर थोडं थांबा. गाजर, पालक, टोमॅटो यांतली कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं शरीरात शोषली जायला थोडा स्निग्ध पदार्थ लागतो. ते तेलच असावं असं नाही, अक्रोड, तीळ, दही, चीजही चालतं.

किती घालायचं? चार मुठी पानांना दोन मोठे चमचे पुरतात. ड्रेसिंग भांड्याच्या कडेने सोडा आणि दोन्ही हातांनी पानं खालून वर उचलत कालवा. चमच्यांनी ढवळलं की पानं मोडतात. पानं चमकली पाहिजेत आणि तळाशी थेंबही दिसता कामा नये. कालवल्यावर पाच मिनिटांच्या आत खायला बसा. पान कोमेजवण्यात व्हिनेगरचा हात जास्त असेल असं मलाही पूर्वी वाटायचं, प्रत्यक्षात तेल ते काम लवकर करतं. पानावर मेणासारखा पातळ थर असतो. पाणी त्यावरून घरंगळतं, तेल मात्र पसरून आत शिरतं.

आता तुमचा विविधतेचा प्रश्न. आठ जिन्नस एकत्र घातले की प्रत्येकाची चव आठव्या हिश्शाची होते आणि रोज तेच आठ म्हटल्यावर रोजचा घास सारखाच लागतो. मी पाचच्या पुढे क्वचित जाते. त्यांत एक रसदार हवा, एक दातांखाली कुटकुटणारा, एक पोटाला आधार देणारा मऊ, आणि एक झणका देणारा : खारट, तिखट किंवा सुगंधी. हे भरलं की थांबायचं. दुसऱ्या दिवशी यातले दोन बदलायचे.

उदाहरणार्थ, मीठ लावून निथळलेली काकडी, उकडलेले काबुली चणे, पाण्यातून काढलेला कांदा आणि भरपूर पुदिना. पुदिना इथे चिमूटभर सजावट म्हणून नाही, मूठभर, भाजी म्हणून घाला. ताज्या सुगंधी पानांच्या बाबतीत घरी सगळेच कंजुषी करतात, आणि चव हवी असेल तर पहिली उधळपट्टी तिथे करावी असं माझं मत आहे. दुसऱ्या दिवशी चुरलेला कोबी, सफरचंदाच्या काड्या, भाजलेले अक्रोड आणि दही-मस्टर्ड. सफरचंद चिरल्याबरोबर लिंबू चोळा, आंबटपणामुळे ते काळं पडायचा वेग मंदावतो. तिसऱ्या दिवशी सालासकट भाजलेलं बीट, संत्र्याच्या फोडी, कोवळा पालक, थोडं खारट चीज. यात बीट सगळ्यांत शेवटी, नाहीतर संत्रं आणि चीज दोन्ही गुलाबी. आणि टोमॅटो खूप पिकले असतील तर पाण्याशी भांडूच नका. शिळा पाव फोडी करून कुरकुरीत भाजा आणि टोमॅटोत मिसळून दहा मिनिटं ठेवा. सुटलेला सगळा रस पाव पिऊन घेतो. माझं हे सगळ्यांत आवडतं सॅलड आहे आणि त्यात मेहनत जवळजवळ नाहीच.

सुका मेवा आणि बिया कोरड्या तव्यावर भाजून, पूर्ण गार करून, वाढताना घाला. कच्चा तीळ आणि भाजलेला तीळ यांत इतका फरक आहे की कच्चा घालण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

श्रावणघेवडा, ब्रोकोली अशा भाज्या कच्च्या नको वाटत असतील तर खळखळत्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं उकळून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका आणि कोरड्या करा. यांना लिंबू मात्र ऐन वेळी. आंबटात ठेवल्या की त्यांच्यातलं हरितद्रव्य बदलतं आणि हिरवा रंग मळकट होतो. कडधान्यांचं आणि बटाट्याचं याच्या उलट, त्यांना ड्रेसिंग गरम असतानाच लावा. गार होता होता ती चव आत घेतात, आधी गार झाली की ड्रेसिंग वरच राहतं.

कच्चं खाताना जपायच्या दोन-तीन गोष्टी आहेत. लाल राजमा नीट शिजलेला नसेल तर त्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होतात. तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात आधी निदान दहा मिनिटं खळखळ उकळा आणि मग मऊ शिजवा. मोड आलेली कडधान्यं ऊब आणि ओलाव्यात वाढतात, जिवाणूही तिथेच वाढतात. गरोदर बायका, लहान मुलं, वयस्कर आणि आजारी माणसं यांना ती वाफवूनच द्या. लसूण घातलेलं तेलाचं ड्रेसिंग बाहेर ठेवू नका, तेलाखाली हवा न लागलेल्या लसणात बॉटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. आणि घरात कोणी वॉर्फरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असेल, तर हिरव्या पानांचं प्रमाण एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. पानांतल्या के जीवनसत्त्वाचा त्या औषधावर परिणाम होतो.

डब्याचं गणित थोडं वेगळं आहे, कारण खाण्याआधी चार-पाच तास जातात. उंच बरणी घ्या. तळाशी ड्रेसिंग, त्यावर चणे किंवा राजमा, कारण त्यांना भिजून फायदाच होतो. मग गाजर, कोबी, मीठ लावून निथळलेली काकडी, आणि सगळ्यांत वर कोरडी पानं. बिया वेगळ्या पुडीत. बरणी उभीच न्या आणि खाताना मोठ्या ताटलीत उपडी करा. डब्यात टोमॅटोच्या फोडी मी घालत नाही, छोटे चेरी टोमॅटो अख्खे घालते. चिरलेल्या भाज्या फ्रिजबाहेर दोन तासांच्या वर राहू नयेत, हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एकच तास. ऑफिसात फ्रिज नसेल तर डब्यासोबत बर्फाची पिशवी न्यावी लागेल किंवा सॅलड रात्रीच्या जेवणापुरतंच ठेवावं लागेल. याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

घरात मीठ कमी खायचं असेल, तर काकडीला मीठ लावणं सोडा, फक्त बिया काढून ऐन वेळी चिरा. चव आंबट, मिरपूड आणि सुगंधी पानांनी भरून काढा. लहान मुलांसाठी आणि दात कमजोर झालेल्यांसाठी पानांपेक्षा चुरलेला कोबी, उकडलेल्या भाज्या, पिकलेली फळं बरी पडतात.

उद्या एवढंच करून बघा. एकच काकडी घ्या, तिचे दोन भाग करा. अर्धी रोजच्यासारखी चिरून मीठ, लिंबू, तेल घाला. अर्धी मीठ लावून वीस मिनिटं निथळा, दाबून कोरडी करा, मग तिला लिंबू आणि तेल घाला. दोन्ही वाट्या अर्धा तास शेजारी ठेवा, मग चाखा. पहिल्या वाटीतलं तळाचं पाणीही चमचाभर प्या, माझ्या आचाऱ्यांनी मला पाजलं तसं. आणि विकतच्या ड्रेसिंगची ती बाटली संपवायचीच असेल, तर ते उकडलेल्या बटाट्यांवर, गरम असतानाच घाला. तिथे ते खरंच छान लागतं.